चंदगड, बेळगांव आणि सेवास्तोपोल

काळ्या समुद्रावरील सेवास्तोपोल हें नाविक ठाणें रशियानें १७८३ मध्यें वसविलें. १९५४ मध्यें क्रिमिया युक्रेनकडे सोंपविण्यांत आला. परंतु १९४८ पासून निराळा दर्जा असलेलें हें शहर त्या दानांत आलें कीं नाहीं, हा वाद पुढें माजला. एका संघराज्यांत ती केवळ कारभाराची रेघ होती. १९९१ मध्यें संघ मोडतांच ती परराष्ट्राची सीमा झाली, आणि २०१४ मध्यें रशियानें शहर बळानें घेतलें.

आमच्याकडील रेघ १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवशीं बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला. एकटा चंदगड तालुका वगळला जाऊन मुंबई राज्यांत राहिला व कोल्हापुरास जोडला गेला. चंदगडास लावलेलें भाषेचें तत्त्व बेळगांव शहरास कां लावूं नये, हा तेथील मराठी भाषिकांचा प्रश्न. १९६७ च्या महाजन अहवालानें तें शहर म्हैसुरांतच ठेवलें. महाराष्ट्रानें अहवाल अमान्य केला व २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला.

बेळगांवही छावणीचेंच शहर. आंदोलनांत रक्त सांडलें. तथापि दोन सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं नाहींत, कारण वरचें छत्र अभंग राहिलें. मात्र छत्र अभंग आहे म्हणून न्यायास विलंब करावा, असें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं.