‘मजेदार’ : एका विशेषणाचा अर्थप्रवास आणि रत्नागिरीतील भाषाशुद्धी

प्रस्तावना :
आनंद देणाऱ्या गोष्टीच्या वर्णनासाठी मराठीत रम्य, रमणीय, सुखद, मनोहर अशी संस्कृत विशेषणे आहेत. त्यांच्या शेजारी फारसी कुळातील ‘मजेदार’ हे विशेषणही नांदते. भाषाशुद्धीच्या चळवळीनंतरही ते का टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्थप्रवास :
फारसीत ‘मझे’ म्हणजे चव आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा. म्हणून ‘मजेदार’चा मूळ अर्थ चविष्ट. हिंदी-उर्दूत खाद्यपदार्थाला आजही मजेदार म्हणतात. मराठीत मात्र पदार्थ चवदार वा रुचकर असतो. मजेदार असतो तो किस्सा, प्रसंग किंवा माणूस. जिभेचा अर्थ मनाकडे सरकला. संस्कृतातील ‘रस’ शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे. गणपतीपुळ्याचा समुद्रकिनारा रमणीय असतो आणि तेथे ऐकलेली गंमत मजेदार. या विशेषणांची अदलाबदल करता येत नाही.

भाषाशुद्धीचे प्रयत्न :
शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. स्वकीय शब्द उपलब्ध असताना परकीय शब्द वापरू नये, ही त्यांची भूमिका होती. याच काळात, 1925 मध्ये, माधवराव पटवर्धन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. सावरकरांनी पुरस्कारलेले दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द रूढ झाले. कार्यालये, वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके यांनी ते स्वीकारल्यामुळे त्यांचा प्रसार सुकर झाला. ‘मजेदार’ला असे कार्यालय नव्हते, त्याचे स्थान घरगुती संभाषणात होते. शिवाय ‘दार’ हा प्रत्ययच मराठीने आत्मसात केला होता. चवदार, पाणीदार, रसदार या शब्दांत मूळ शब्द एतद्देशीय असून प्रत्यय तेवढा फारसी आहे. अशा शब्दांत परके काय आणि आपले काय, हे वेगळे करणे दुष्कर ठरते.

निष्कर्ष :
पदनामे ठरावाने बदलू शकतात. भावनावाचक विशेषणे मात्र अर्थच्छटेच्या बळावर टिकतात. ‘मजेदार’च्या जागी ‘रमणीय’ योजल्यास शब्द शुद्ध होईल, परंतु अर्थ हरवेल. मराठीने हा शब्द केवळ उसना घेतला नाही. त्याला स्वतःचा अर्थ दिला. म्हणून शब्दाचे स्वकीयत्व ठरविताना व्युत्पत्तीइतकाच त्याच्या उपयोगाचा इतिहासही विचारात घेणे आवश्यक आहे.