तीन लॅटिन शब्द आणि कामगार



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. लॅटिन भाषा मी शिकलो नाही. ती माझ्याकडे आली नोटिसा, करार आणि निकाल यांच्या वाटेने. आणि पहिली भेट महागात पडली.

तरुणपणी एका कारखान्यातील बोनसच्या तडजोडीवर मी युनियनतर्फे सही केली. कागदात ‘एक्स ग्रेशिया’ असे दोन शब्द होते. काही शोभेचे असेल असे समजून मी पुढे वाचले. पुढच्या वर्षी व्यवस्थापकांनी तोच कागद समोर धरला. ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे ‘कृपेने’. गेल्या वर्षी दिले ती आमची मर्जी, तुमचा हक्क नव्हे, असे त्यांचे म्हणणे. माझ्या अज्ञानापायी कित्येक घरांची दिवाळी कोरडी गेली. तेव्हापासून मी शब्दकोश जवळ बाळगतो.

‘बोनस’ हाही लॅटिनच. मूळ अर्थ नुसता ‘चांगला’. हे चांगले कृपेचे की हक्काचे, हे शब्द सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे मुंबईच्या गिरणी कामगारांना बोनस मिळाला. १९२३ साली मालकांनी तो बंद केला आणि १९२४ च्या जानेवारीत मोठा संप झाला. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे कामगारांचा हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे बोनस कृपाच ठरली! बोनसचा कायदा व्हायला १९६५ साल उजाडले. त्याने किमान चार टक्के बोनस बंधनकारक केला. एका शब्दाचा अर्थ पालटायला एक्केचाळीस वर्षे लागली.

तिसरा शब्द ‘व्हेटो’, म्हणजे ‘मी मनाई करतो’. आज तो ऐकला की सुरक्षा परिषदेतील पाच बलाढ्य राष्ट्रे आठवतात. रोममध्ये मात्र तो दुबळ्यांचा आधार होता. परंपरा सांगते की इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जापायी गुलामीत ओढल्या जाणाऱ्या सामान्य लोकांनी शहर सोडले आणि बाहेरच्या पवित्र टेकडीवर मुक्काम ठोकला. हा संपच नव्हे काय? सरदारांनी मेनेनियस अग्रिपाला पाठवले. त्याने गोष्ट सांगितली: हात, तोंड आणि दात पोटावर रुसले, त्यांनी काम बंद केले आणि स्वतःच वाळले. ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत आम्हांलाही ऐकवली जाते. पण लिव्ही हा इतिहासकार पुढचेही सांगतो. लोक परतले ते आपले ट्रिब्यून नेमण्याचा करार झाल्यावर; नुसत्या गोष्टीवर नव्हे. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे पाप, त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे, आणि अधिकाऱ्याचा हुकूम तो अडवू शके.

पुढे इ. स. पूर्व १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसने जमीनवाटपाचा कायदा मांडला, तेव्हा तो अडवला ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूननेच. शब्द तोच, अधिकार तोच. बाजू तेवढी बदलली. आम्हां पुढाऱ्यांनी हे विसरू नये.

म्हणून एवढेच विनवतो. कागदावर परका शब्द दिसला तर लाजू नका. अर्थ विचारा, तो मराठीत लिहून घ्या आणि मगच सही करा.