स्तनरोपणाची फेरशस्त्रक्रिया : आकारमानाची निवड

स्तनरोपणाची फेरशस्त्रक्रिया (आकारमानाची निवड) : स्तनवाढीसाठी पूर्वी बसवलेले इम्प्लांट काढून दुसरे बसवताना ते किती सीसीचे, किती रुंद आणि किती उंच घ्यायचे हे ठरवण्याची प्रक्रिया. कर्करोगामुळे स्तन काढून नंतर इम्प्लांटने पुनर्रचना केली असेल, तर तिथेही पुढेमागे हाच प्रश्न उभा राहतो. पहिल्या वेळी बोलणे ‘किती हवे’ इथून सुरू होते. दुसऱ्या वेळी ते अंगावर काय शिल्लक आहे इथून सुरू करावे लागते. मधल्या वर्षांत कातडी ताणलेली असते, इम्प्लांटच्या दाबाने स्तनाची मूळ ग्रंथी पातळ झालेली असते आणि भोवती शरीराने स्वतःचे आवरण तयार केलेले असते. म्हणून योग्य उत्तर पुष्कळदा आधीपेक्षा लहान इम्प्लांट हेच निघते. ते पचायला जड जाते, कारण आकार बदलून हवा हेच फेरशस्त्रक्रियेचे एक नेहमीचे कारण आहे आणि बदल म्हणजे वाढ असे गृहीत धरलेले असते.

आकारमानाआधी निदान होणे गरजेचे असते. इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळले, तर स्तन कडक होतो, वर चढतो, दुखतो. बेकर या सर्जनच्या प्रतवारीत याच्या चार पायऱ्या आहेत. तिसऱ्या व चौथ्या पायरीला सहसा आवरण काढून नवे इम्प्लांट बसवतात. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट आत फाटले तरी बाहेरून काहीच कळत नाही असे घडते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करण्याची शिफारस केली आहे. शस्त्रक्रियेला अनेक वर्षे झाल्यावर एका बाजूला अचानक सूज आली, तर आत साचलेले पाणी काढून तपासल्याशिवाय आकाराची चर्चाच करू नये. कारण अशा सुजेमागे खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित असा एक दुर्मिळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असू शकतो. त्याच कारणाने जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हाही हजारो स्त्रियांना नको असताना दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो या सर्जननी पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले, तेव्हापासून आजवर आयुष्यभर टिकेल असे इम्प्लांट निघालेले नाही.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांतील स्त्रीला या शस्त्रक्रियेसाठी सहसा पुणे गाठावे लागते. शिरूरकरणीला नगर रस्ता, दौंडकरणीला रेल्वे. पहिली शस्त्रक्रिया मुंबईत, माहेरच्या गावाजवळ किंवा नोकरीच्या शहरात झालेली असू शकते. त्यामुळे पहिले काम म्हणजे जुने इम्प्लांट कार्ड शोधणे. त्यावर कंपनी, सीसी, प्रोफाइल (इम्प्लांट किती पुढे येते ते) आणि अनुक्रमांक असतो. तेच स्टिकर डिस्चार्ज कार्डालाही चिकटवलेले सापडते. हे कागद घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून फाडून टाकल्याचेही घडते. मग जुन्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची नोंद मागवावी. सोनोग्राफीवरून इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली आणि ते फाटले आहे का, याचा अंदाज येतो. सीसीचा आकडा मात्र खात्रीने मिळत नाही. काहीच हाती लागले नाही, तर काढलेल्या इम्प्लांटच्या मागच्या ठिगळावर उमटवलेला आकडा वाचतात, नाहीतर ते मापाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून किती पाणी चढले ते पाहतात. अशा वेळी सर्जनला दोन-चार मापांची इम्प्लांट तयार ठेवूनच सुरुवात करावी लागते.

मोजमापात सर्वांत महत्त्वाची आहे ती रुंदी. छातीच्या मध्यरेषेजवळून काखेकडच्या कडेपर्यंत स्तनाचा पाया किती सेंटिमीटर आहे ते कॅलिपरने मोजतात. इम्प्लांट त्याहून रुंद असता कामा नये. एकच ३०० सीसी बसक्या प्रोफाइलमध्ये साधारण १३ सेंटिमीटर पसरते, तर उंच प्रोफाइलमध्ये ११ च्या आसपास राहून पुढे येते. ‘मैत्रिणीला ३०० छान दिसले’ ही माहिती म्हणूनच निरुपयोगी. पुढचे माप कातडीच्या ताणाचे. जॉन टेबेट्स या अमेरिकी सर्जनच्या पद्धतीत कातडी पुढे ओढून ती किती सेंटिमीटर येते ते पाहतात. २ पेक्षा कमी आली तर पायाच्या रुंदीवरून निघालेल्या आकड्यातून ३० सीसी वजा करतात, ३ पेक्षा जास्त आली तर ३० मिळवतात. स्तनाच्या वरच्या भागात चिमटीत धरलेली जाडी २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर इम्प्लांटची कड दिसू नये म्हणून ते स्नायूखाली ठेवणे श्रेयस्कर. चौथे माप ताणलेल्या स्थितीत स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे. हे आकडे पहिल्या शस्त्रक्रियेसाठी बेतलेले आहेत. फेरशस्त्रक्रियेत कातडी आधीच ताणलेली असल्याने ‘बरीच येते, म्हणजे मोठे मावेल’ असा उलटा अर्थ निघण्याचा धोका असतो.

दोष कोणता, त्यावर आकार फिरतो. इम्प्लांट घडीच्या खाली घसरले असेल, तर खालचा खिसा टाके घालून वर घ्यावा लागतो आणि त्या टाक्यांवर जास्त वजन टाकता येत नाही. सिलिकॉनचे वजन सीसीला जवळजवळ एक ग्रॅम. ५०० सीसीचे इम्प्लांट म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा किलो, दिवसरात्र. दोन्ही इम्प्लांट मध्यभागी सरकून एकमेकांना भिडली असतील, तर अरुंद इम्प्लांट हवेच. कातडीवर वळ्या दिसत असतील, तर मोठे इम्प्लांट घालून त्या ‘भरून’ काढण्याचा मोह आवरावा, कारण त्याने कातडी आणखी पातळ होते. त्याऐवजी जागा बदलणे, अधिक घट्ट जेलचे इम्प्लांट घेणे किंवा मांडी-पोटाची चरबी काढून तिथे भरणे हे मार्ग बरे. लहान इम्प्लांट घेतले की कातडी उरते; ती कमी करून स्तन वर घ्यायचा, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा जुन्या छेदाने आधीच किती तुटला आहे हे पाहावे लागते. इम्प्लांट बदलणे आणि स्तन वर घेणे एकाच वेळी करायचे की काही महिन्यांच्या अंतराने, हा निर्णय सीसीच्या आकड्यापेक्षा अधिक जोखमीचा आहे.

किती फरक दिसेल? २५-३० सीसीचा बदल अंगावर जाणवतही नाही. डोळ्यांना दिसण्यासाठी सर्वसाधारणपणे शंभराच्या आसपास जावे लागते. घरच्या घरी तांदूळ मोजून पिशवीत भरून ब्रामध्ये ठेवून पाहण्याची युक्ती पहिल्या वेळी थोडीफार उपयोगी पडते. जुने इम्प्लांट आत असताना ती फक्त वाढीची बाजू दाखवते, घट दाखवू शकत नाही. ‘कप’च्या भाषेत मागणी करणेही व्यर्थ. कंपनीगणिक कप बदलतो, आणि तालुक्याच्या बाजारपेठेत खरेदी बहुतांशी ३२, ३४, ३६ अशा घेराच्या आकड्यांवरच होते. अंतिम खात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. तात्पुरते माप-इम्प्लांट घालून, भूल दिलेल्या रुग्णाला टेबलासह उठवून बसते करतात आणि दोन्ही बाजू पाहतात. आधी माप बेतून पाहण्याची ही रीत पुण्याला परकी नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापलेल्या वृत्तात पुण्याजवळच्या एका कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुन्हा घडवल्याचे वर्णन आहे. त्याने आधी मेणाचे नाक बेतले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, कडेने रेघ मारली आणि मगच कातडी सोडवली.

कामाचे स्वरूप सर्जनला आपणहून सांगावे. स्नायूखालच्या इम्प्लांटवर हात जोरात वापरताना स्तन आक्रसून वाकडा दिसू शकतो. चाऱ्याचे भारे उचलणारी किंवा रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यात हाताने माल हलवणारी स्त्री असेल, तर हा दोष तिला रोज दिसेल, आणि तो काढण्यासाठी इम्प्लांट स्नायूवर आणायचे झाले, तर आकाराचाही फेरविचार करावा लागतो. दुसरी गोष्ट मिश्रीची. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे खरेच उत्तर येते आणि सकाळी हिरड्यांना लावलेली तंबाखूची मिश्री राहून जाते. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो; फेरशस्त्रक्रियेत तो आधीच तोकडा असतो. म्हणून मिश्री, गुटखा, विडी यांची विचारपूस नाव घेऊन करावी आणि आधी व नंतर साधारण चार आठवडे ती पूर्ण बंद ठेवावी.

खर्चाच्या बाबतीत कारणाला महत्त्व आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा तातडीचा धोका दूर करण्यासाठी डॉक्टरने आवश्यक ठरवलेली शस्त्रक्रिया हे अपवाद आहेत. वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेला मिळणारी सूटही निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही. आवरण आवळले, इम्प्लांट फाटले किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना बिघडली असेल, तर तसे निदान, सोनोग्राफी वा एमआरआयच्या अहवालासह, दाखल होण्यापूर्वीच केसपेपरवर लिहून घ्यावे. बिल झाल्यानंतर ते जोडणे कठीण जाते.