पाणीदर-निश्चितीतील लोकसहभाग

पाणीपुरवठा संस्थेने पुढील काही वर्षांत कोणती कामे आधी हाती घ्यावीत, पाण्याचा दाब, शुद्धता आणि तक्रारनिवारण यांचा दर्जा किती राखावा आणि त्यासाठी काय दर आकारावा, हे ठरवण्याच्या प्रक्रियेत ग्राहकांनी स्वतः भाग घेण्याची पद्धत. जनसुनावणी, ग्राहक मंच आणि चिठ्ठी पद्धतीने निवडलेले नागरिक पंचमंडळ ही तिची प्रचलित रूपे होत. तिन्हींचे वजन सारखे नाही. सुनावणीत तयार आराखड्यावर हरकती घेता येतात. मंचाला किंवा पंचमंडळाला आराखडा घडत असतानाच बोलता येते.

या पद्धतीची गरज पाण्याच्या व्यवसायातूनच निर्माण होते. घरात येणारी जलवाहिनी एकच असते. सेवा आवडली नाही म्हणून ग्राहकाला दुसरा पुरवठादार गाठता येत नाही. त्यामुळे अनेक देशांत दरांवर नियामकाची देखरेख असते. नियामक खर्चाचे आकडे तपासतो, फुगवलेले अंदाज कापतो. पण गळक्या वाहिन्या आधी बदलायच्या की उंचावरच्या वस्तीतला दाब आधी वाढवायचा, गरीब कुटुंबांच्या सवलतीचा भार इतरांनी किती उचलायचा, या प्रश्नांची उत्तरे हिशेबवहीत सापडत नाहीत. ती पाणी वापरणाऱ्यांनीच द्यायची असतात.

स्कॉटलंड : या क्षेत्रातला सर्वांत अभ्यासण्याजोगा प्रयोग स्कॉटलंडचा. त्याला आधीच्या एका लोकलढ्याची पार्श्वभूमी आहे. इंग्लंड आणि वेल्समधील पाणीपुरवठा १९८९ मध्ये खासगी कंपन्यांकडे गेला. स्कॉटलंडमध्ये तसे होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेने १९९४ मध्ये टपालाने सार्वमत घेतले. सुमारे ७१ टक्के मतदारांनी मत दिले आणि त्यांपैकी ९७ टक्के खासगीकरणाच्या विरोधात होते. पुढे २००२ मध्ये तीन प्रादेशिक संस्था एकत्र करून ‘स्कॉटिश वॉटर’ ही सार्वजनिक मालकीची संस्था स्थापन झाली. तिचे दर ‘वॉटर इंडस्ट्री कमिशन फॉर स्कॉटलंड’ हा आयोग ठरवतो.

तेथील बहुतेक घरांना पाण्याचे मीटर नाहीत. पाणी आणि सांडपाणी यांची आकारणी स्थानिक परिषदेच्या कराच्या बिलातूनच होते आणि ती घराच्या १९९१ च्या मूल्यावरून पाडलेल्या गटांनुसार ठरते. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल, तर २५ टक्के सूट मिळते. म्हणजे काटकसरीने पाणी वापरले तरी बिल उतरत नाही. अशा ठिकाणी ग्राहकाच्या हाती उरते ते फक्त दर ठरण्यापूर्वीचे बोलणे, आणि म्हणूनच तिथे त्याचा आवाज ऐकला जाणे अधिक महत्त्वाचे ठरते.

आयोग, स्कॉटिश वॉटर आणि ‘कन्झ्युमर फोकस स्कॉटलंड’ ही ग्राहकसंस्था यांनी मिळून २०११ मध्ये ‘कस्टमर फोरम’ हा ग्राहक मंच उभा केला. माजी शिक्षणमंत्री पीटर पीकॉक त्याचे अध्यक्ष होते. ग्राहकांचे प्राधान्यक्रम समजून घेऊन ते मांडणे एवढेच काम मंचाकडे प्रथम होते. २०१२ मध्ये आयोगाने त्याला बरेच पुढे नेले : स्कॉटिश वॉटरच्या व्यवसाय-आराखड्यावर संस्थेशी थेट वाटाघाटी करा आणि शक्य झाल्यास सहमती घडवा. आयोगाने मार्गदर्शक टिपणे काढून कोणत्या मर्यादेतली सहमती आपल्याला मान्य होईल हे आधीच सांगून ठेवले. या टिपणांमुळे मंचाचे बळ वाढले. समोरच्या तज्ज्ञांचा कोणता आकडा ताणलेला आहे, हे त्याला ओळखता येऊ लागले. २०१४ मध्ये २०१५ ते २०२१ या कालखंडाच्या आराखड्यावर सहमती झाली. पहिली तीन वर्षे घरगुती दरवाढ दरवर्षी १.६ टक्के ठेवायची, हा तिच्यातला ठळक मुद्दा. आयोगाने आपला निर्णय याच सहमतीवर आधारला.

२०२१ ते २०२७ या कालखंडासाठीही असा मंच काम करत होता. या वेळी जुन्या झालेल्या यंत्रणेचे नूतनीकरण आणि २०४० पर्यंत निव्वळ शून्य कर्बउत्सर्जन ही उद्दिष्टे पुढे होती, आणि आयोगाने सरासरी वार्षिक दरवाढीची कमाल मर्यादा महागाईपेक्षा २ टक्के अधिक ठेवली. लोकांना विचारले की ते फक्त दर कमी करा म्हणतात, हा प्रशासनातला समज या दोन कालखंडांकडे एकत्र पाहिल्यावर टिकत नाही. मंचाच्या रचनेवरचा एक आक्षेप मात्र खरा आहे : त्याचे सदस्य नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते.

मेलबर्न : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ‘यारा व्हॅली वॉटर’ या सरकारी मालकीच्या संस्थेने २०१७ मध्ये चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या ३५ ग्राहकांचे पंचमंडळ बसवले. दर आणि सेवा यांचा सर्वांना न्याय्य वाटेल असा मेळ कसा घालावा, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता. २०१८ ते २०२३ च्या दरप्रस्तावात त्यांच्या शिफारशींचा उपयोग झाला. राज्याच्या नियामक आयोगाने २०१६ मध्ये आणलेली मूल्यमापन पद्धत या उपक्रमाला पूरक ठरली. तिच्या पाच निकषांपैकी एक ग्राहकसहभागाचा असून मूल्यमापनाचा परिणाम संस्थेला मिळणाऱ्या परताव्याच्या दरावर होतो. लोकांना नीट विचारले की संस्थेचा आर्थिक लाभ होतो, अशी ही सोय आहे.

विचारले नाही तर काय होते, हे बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात २००० मध्ये दिसले. खासगी कंपनीने केलेल्या मोठ्या दरवाढीनंतर लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये सरकारला कंपनीचा करार रद्द करावा लागला.

महाराष्ट्र : महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम ११ मध्ये पाणीदराचे निकष लाभधारक जनतेची मते अजमावून ठरवावेत, अशी तरतूद आहे. हे निकष धरणांतून शेती, उद्योग आणि शहरांना दिल्या जाणाऱ्या ठोक पाण्याला लागू होतात. पहिले ठोक दर ठरवताना मसुदा मराठीत यावा आणि चर्चा विभागाविभागांत व्हावी, असा आग्रह पुण्याच्या ‘प्रयास’ने आणि लोकाभिमुख पाणी धोरण संघर्ष मंचाने धरला. ज्याच्या पाण्याचा दर ठरतो त्याला समजेल अशा भाषेत कागद नसेल, तर मते अजमावल्याचे समाधान फक्त दप्तराला मिळते.

याहून सखोल सहभाग सिंचनात आढळतो. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. अशा संस्था शासनाकडून पाणी मोजून घेतात, त्याची रक्कम एकत्र भरतात आणि सभासदांकडून काय घ्यायचे ते आपल्या सभेत ठरवतात. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेला शेतकरीही त्या सभेत बसतो, आणि पाळी चुकली तर जाब कोणाला विचारायचा हे त्याला ठाऊक असते.

शहरी नळधारकाला अशी सभा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ नुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेने स्थायी समितीच्या प्रस्तावांवर विचार करून २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. स्थायी समितीपुढे प्रस्ताव येण्यापूर्वी प्रभागनिहाय पाण्याचा हिशेब, गळतीचे प्रमाण आणि कामांचा क्रम लोकांपुढे ठेवावा, असे बंधन या कलमात नाही.