वैमानिकांची वैद्यकीय पात्रता

वैमानिकांची वैद्यकीय पात्रता म्हणजे विमान चालविण्याचा परवाना मिळविण्यासाठी व तो चालू ठेवण्यासाठी आवश्यक असलेली शारीरिक आणि मानसिक क्षमता होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिकागो करारातील परिशिष्ट १ मध्ये तिचे किमान निकष दिलेले आहेत. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वैद्यकीय मूल्यांकन करते. उमेदवार सर्वसाधारण अर्थाने निरोगी आहे की नाही, एवढाच या तपासणीचा हेतू नसतो. उड्डाणादरम्यान तो अचानक अक्षम होण्याची शक्यता किती आहे, हे त्यातून प्रामुख्याने ठरविले जाते.

वर्ग

परिशिष्ट १ नुसार मूल्यांकनाचे तीन वर्ग आहेत. व्यावसायिक व विमानकंपनी वैमानिकांसाठी वर्ग १, खासगी वैमानिकांसाठी वर्ग २ आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी वर्ग ३ लागू होतो. भारतात उमेदवाराची प्रथम वर्ग २ ची तपासणी मान्यताप्राप्त परीक्षक डॉक्टरांकडून होते. त्यानंतर वर्ग १ ची पहिली तपासणी हवाई दलाच्या किंवा महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांत केली जाते. बंगळूर येथील हवाई दलाची अंतराळ वैद्यक संस्था (स्थापना १९५७) हे अशा केंद्रांपैकी एक आहे. अंतिम निर्णय महासंचालनालयाचा वैद्यकीय विभाग घेतो.

प्रमुख निकष

दृष्टी: वर्ग १ साठी प्रत्येक डोळ्याची दूरदृष्टी किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असावी लागते. चष्मा वा काँटॅक्ट लेन्स वापरून ही दृष्टी मिळत असल्यास ती ग्राह्य धरली जाते; मात्र उड्डाणावेळी चष्म्याचा एक जादा जोड हाताशी ठेवावा लागतो. त्यामुळे चष्मा असलेल्याला वैमानिक होता येत नाही, हा समज चुकीचा आहे.

रंगदृष्टी: ठिपक्यांच्या तक्त्यांनी प्राथमिक तपासणी होते. तीत अपयश आल्यास दिव्यांच्या कंदील चाचणीसारख्या पुढील चाचण्या घेतल्या जातात. ऑस्ट्रेलियात १९८९ मधील डेनिसन खटल्यानंतर रंगदृष्टीदोष असलेल्या वैमानिकांवरील निर्बंध बरेच शिथिल झाले.

श्रवण: वर्ग १ मध्ये कोणत्याही एका कानाची श्रवणहानी ५००, १००० व २००० हर्ट्झला ३५ डेसिबेलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबेलपेक्षा अधिक नसावी.

हृदय: पहिल्या तपासणीत विद्युत हृदयालेख काढला जातो. पन्नाशीनंतर तो दरवर्षी काढणे आवश्यक असते.

इतर विकार: अपस्मार असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. परिशिष्ट १ नुसार इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेहही अपात्रतेचे कारण आहे. तथापि ब्रिटनने २०१२ पासून आणि अमेरिकेने २०१९ पासून कडक देखरेखीखाली अशा व्यावसायिक वैमानिकांना मुभा दिली आहे.

उमेदवारांपुढील प्रश्न

भारतात विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी वर्ग २ पुरेसा असतो, परंतु व्यावसायिक परवान्यासाठी वर्ग १ अनिवार्य आहे. केवळ वर्ग २ च्या आधारे महागडे प्रशिक्षण सुरू केलेल्या विद्यार्थ्याला पुढे वर्ग १ नाकारला गेल्यास प्रशिक्षणावरील खर्च वाया जाण्याची शक्यता असते. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच वर्ग १ चे मूल्यांकन करून घेणे हितावह ठरते. तात्पुरती अपात्रता ही कायमची नसते. रक्तदाब, अतिरिक्त वजन किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांसारख्या कारणांनी दिलेली अपात्रता उपचारांनंतरच्या फेरतपासणीत दूर होऊ शकते.

लष्करी वैमानिकांचे निकष स्वतंत्र आहेत. बसलेल्या स्थितीतील उंची, पायांची व मांड्यांची लांबी यांसारखी हवाई दलाची मापे नागरी परवान्यासाठी गृहीत धरू नयेत.

मानसिक आरोग्य

परवाना गमावण्याच्या भीतीने आजार लपविण्याची प्रवृत्ती, ही या व्यवस्थेपुढील सर्वांत अवघड समस्या मानली जाते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात सहवैमानिकाने हेतुपुरस्सर पाडले व त्यातील सर्व १५० जण मृत्यू पावले. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरविले होते, परंतु ही बाब विमानकंपनीपर्यंत पोहोचली नव्हती. त्यानंतर युरोपात वैमानिकांना विमानकंपनीत रुजू होण्यापूर्वी मानसशास्त्रीय मूल्यांकन आणि सहकाऱ्यांमार्फत आधार देणारे कार्यक्रम बंधनकारक करण्यात आले. आजार उघड करणाऱ्याला उपचार घेऊन पुन्हा कामावर परतण्याचा मार्ग मिळावा, हे अशा कार्यक्रमांचे उद्दिष्ट आहे.