काळीची मोजणी आणि पांढरीची रेघ

कोणत्याही मराठी गांवाचे दोन भाग जुन्या माणसांच्या बोलण्यांत नेहमीं येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची, घरांच्या मातीनें व चुलींच्या राखेनें पांढुरकी झालेली जागा. वतनांचे, मानपानाचे, शिवेच्या तंट्यांचे जुने कागद उघडले तर या दोहोंचा उच्चार बहुधा एकत्रच केलेला आढळतो. एकीवांचून दुसरीला अर्थ नव्हता. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, ऐरोली-घणसोलीपासून बेलापूर, पनवेल व उरणपर्यंत, जीं आगरी आणि कोळी गांवें होतीं व ज्यांच्या शिवारांवर १९७० नंतर नवी मुंबई उभी राहिली, त्यांच्या इतिहासांत या जोडीची ताटातूट झाली. ती कोणी वैरभावानें केली असें म्हणतां यावयाचें नाहीं. ती मोजणीच्या साखळीनें केली, आणि झालेला घाव दिसून येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

पेशवाईच्या काळीं कोंकणांत बिघ्यांनीं मोजणी झाली नव्हती असें नाहीं. तरी पुष्कळ ठिकाणीं हुंडाबंदी किंवा टोकाबंदीच चाले, म्हणजे जमिनीचा एक तुकडा न मोजतां तसाच धरावयाचा आणि त्यावर अमुक इतकें भात ठरवून टाकावयाचें. खाडीचें खारें पाणी अडवून मिळविलेल्या जमिनीची रीत याहून निराळी होती. तिला शिलोत्री म्हणत. बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्याच्या मोबदल्यांत सरकारी साऱ्याखेरीज कुळांकडून बिघ्यामागें भात घेण्याचा त्याचा हक्क. हा बांध फुटला कीं भरती शेतांत शिरे, आणि जमीन पुन्हां गोडी होईपर्यंत कुळाच्या हातीं कांहीं लागत नसे. अशा मुलुखांत ‘माझी जमीन’ याचा अर्थ ‘आमचा बांध’ यापासून फारसा वेगळा नव्हता. गांवची शीवही कागदावर नसून लोकांच्या स्मरणांत असे. तंटा विकोपास गेला तर डोक्यावर मातीचें ढेकूळ घेऊन एखाद्या विश्वासू माणसानें शीव चालून दाखवावयाची, आणि तो जेथून गेला ती हद्द उभय गांवांनीं मानावयाची, अशी दिव्याची चाल महाराष्ट्रांत होती.

इंग्रजांना या स्मरणावर विसंबतां येण्यासारखें नव्हतें. मुंबई इलाख्यांतील त्यांचा पहिला मोठा प्रयोग प्रिंगल या अधिकाऱ्याचा. हा गृहस्थ हेलिबरीच्या कॉलेजांत माल्थसच्या हाताखालीं अर्थशास्त्र शिकून आलेला. जमिनीच्या उत्पन्नांतून खर्च वजा जातां जें उरतें त्यावर सारा बसवावा, हें तत्त्व त्यानें दख्खनच्या शेतांना लावलें. तत्त्व सुबक होतें, पण आंकडे खोटे निघाले आणि रयत परागंदा होऊं लागली. मग १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्यानें हात घातला. त्यांची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालांत नियमबद्ध झाली, आणि पुढच्या दशकांत तीच मोजणी घांट उतरून उत्तर कोंकणांत आली.

तिचें साधन साधें होतें. तेहतीस फुटी साखळी आणि काटकोन साधावयाचा शंकू, एवढ्यावर सारें काम चाले. साखळीचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज मुंबईच्या उपनगरांतला मनुष्य गुंठ्याचा भाव विचारतो तेव्हां तो नकळत त्याच साखळीचें नांव घेत असतो. मोजणीदार शेतावर जाऊन हातानें एक कच्ची आकृति काढी, तिच्यावर साखळ्या व आणे लिही. या कागदास टिपण म्हणत. टिपण प्रमाणांत काढलेलें नसे, लिहिलेल्या आंकड्यांवर त्याची भिस्त. मागाहून मातीची प्रत लावणारे कारकून येत, जमीन उकरून खोली व पोत पाहत, आणि तिची किंमत रुपयाचे किती आणे तें ठरवीत. कोंकणांतलीं भातखाचरें पांच-दहा गुंठ्यांचीं. तीं पुष्कळशीं एकत्र करून त्यांना एक सर्व्हे नंबर दिला जाई व आंत पोटनंबर पडत. कोपऱ्यांवर दगड उभे राहत. ठरलेला सारा तीस वर्षें वाढावयाचा नाहीं अशी हमी असे, आणि ही गोष्ट रयतेच्या हिताचीच होती. या मोजणीनें शेतकऱ्याला नुसतें नाडलें असें लिहिणारे लेखक टिपणांवरील मेहनत पाहत नाहींत. बांधाचें प्रत्येक वांकण त्या कागदावर उतरलेलें आहे. शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या जी हद्द घातली होती तीच सरकारनें उचलून कागदावर ठेवली.

साखळीमागचा हेतु मात्र साऱ्याचा होता. जेथें सारा नाहीं तेथें साखळी बारीक चालण्याचें कारण नव्हतें. गांवठाण बिनसाऱ्याचें, म्हणून त्याच्या बाहेरून एक रेघ फिरविली, आंत घरांचीं कांहीं चिन्हें काढलीं, आणि कोणाचें घर कोठपर्यंत हा प्रश्न गांवावर सोडला. खाडीच्या पात्रांत व चिखलांत कोळ्यांचीं जाळीं कोणत्या ठिकाणीं लागावयाचीं, याची वांटणी कोळीवाड्यांत ठाऊक असे. नकाशांत तेथें नुसता कोरा कागद. डोंगर तर गुरें चारण्याचा आणि राबासाठीं टहाळ तोडण्याचा. काळीचा इंचन्‌इंच मोजला गेला. पांढरी, पाणी आणि रान हीं तीनही जवळजवळ कोरीं राहिलीं.

त्याच काळांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास कॅनडाच्या गवताळ मैदानांत याहून फार निष्ठुर मोजणी चालली होती. तेथें १८७१ पासून सहा-सहा मैलांचे चौकोन पाडले जात होते, आणि करार करून मूळच्या जमातींना राखीव जमीन तोडून द्यावयाची होती. १८७६ च्या सहाव्या करारांत पांच माणसांच्या कुटुंबामागें एक चौरस मैल असें माप होतें. म्हणजे साखळी पडण्यापूर्वीं माणसें मोजलीं जात, आणि माणसें कमी मोजलीं कीं जमीन आपोआप कमी होई. पापासचेस नांवाच्या क्री लोकांच्या गटाच्या बाबतींत १८८० सालीं मोजणीदार सिंप्सन व सरकारी निरीक्षक यांच्यांत याच मुद्द्यावर वाद झाला. मोजणीदारास अठ्ठेचाळीस चौरस मैल द्यावयाचे होते. निरीक्षकानें शिरगणति घटवून ते चाळिसांवर आणले. १८८८ सालीं अवघ्या तीन पुरुषांच्या सह्यांवर तीही जमीन सरकारनें परत घेतली. आज त्या जागेवर एडमंटन शहराचा दक्षिण भाग वसला आहे. पनवेल-बेलापुराकडे हद्द शेतकऱ्याच्या बांधावरून घेतली गेली, तेथें ती कचेरींतल्या गुणाकारानें ठरली, हा फरक लहान नव्हे.

इकडे डोंगरावर रेघ आली ती १८७८ च्या जंगल कायद्यानंतर. कोंकणांत भाताचें रोप लावण्यापूर्वीं दाढीवर शेण, पाला व झाडांच्या फांद्या पसरून जाळतात. यास राब म्हणतात. ज्या वरकस जमिनींतून आणि रानांतून हा पालापाचोळा येई, त्यांतला बराच भाग राखीव ठरला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी झाली कीं सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. पण ज्यांचें सारें आयुष्यच रानावर होतें त्या ठाकूर-कातकऱ्यांची ओरड खातेदारांपेक्षां खालच्या सुरांत होती. खैराच्या लांकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. त्यांची उतारावरची फिरती शेती, दळी, तिच्याच नांवानें कुलाबा जिल्ह्यांत पुढें रानांतले कांहीं तुकडे त्यांना लागवडीस मिळाले. पण ते परवान्यावर, मालकीनें नव्हे. त्यांच्या वाड्या बहुधा दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरांत किंवा जंगलाच्या हद्दींत, आणि वाडीला स्वतःचें गांवठाण नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें दावे मांडण्याची वेळ आली तेव्हां दळीच्या त्याच जीर्ण नोंदी पुरावा म्हणून पुढें आल्या.

या जंगलाच्या रेघेवर रक्तही सांडलें आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळील चिरनेर येथें अक्कादेवीच्या रानांत गांवोगांवचे लोक सत्याग्रहासाठीं कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. पोलिसांनीं गोळीबार केला व आठ सत्याग्रही पडले. त्यांत आगरी शेतकऱ्यांबरोबर नाग्या कातकरीही होता. तालुक्याचे मामलेदारही त्या धुमश्चक्रींत मेले. एका कायद्यानें ज्यांना खातेदार आणि बिनखातेदार असें वेगळें केलें होतें, ते त्या दिवशीं एकाच टेंकडीवर होते.

काळीची गोष्ट पुढें वेगानें सरकली. १९४८ च्या कुळकायद्यांतील दुरुस्तीमुळें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारीं कुळें मालक मानलीं गेलीं. खारेपाटांतल्या कित्येक आगरी घरांचें नांव तेव्हां प्रथमच कबजेदाराच्या रकान्यांत चढलें. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं ‘मार्ग’ नियतकालिकांत खाडीपलीकडील जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्यें सिडको स्थापन झाली आणि सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश, पंचाण्णव गांवांसह, नव्या शहरासाठीं अधिसूचित झाला. मालकीचीं तेरा वर्षें पुरी होतात न होतात तोंच ती काळी गेली. ती जातांना मोजणीचा उपयोग झाला, हें येथें नमूद केलें पाहिजे. प्रत्येक नंबराचें क्षेत्र व आकार कागदावर तयार असल्यामुळें संपादनाच्या याद्या करणें कचेरीला अवघड गेलें नाहीं. कोळ्यांचें पाणी मात्र कोणत्याच नंबरांत नव्हतें. जें मोजलें नव्हतें तें घेतलें असें कोणत्याही यादींत दिसेना, मग त्याची भरपाई मागावयाची कशाच्या आधारें?

भरपाईच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन उभें राहिलें. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई व न्हावा-शेवा भागांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्युमुखीं पडले. त्यांतूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व सरकारला मान्य करावें लागलें. ज्याचें नांव उताऱ्यावर त्याला टक्का मिळाला, ही गोष्ट उघड आहे. मजूर, मिठागरावरचा कामगार, कातकरी यांना टक्केवारीच्या हिशेबांत जागा नव्हती.

आणि मग राहिली पांढरी. संपादन गांवठाणाच्या रेघेपर्यंत येऊन भिडलें. रेघेच्या आंतली घरें गांवकऱ्यांचीं, रेघेबाहेरचें अंगणसुद्धां सिडकोचें. पण घरांतलीं मुलें मोठीं होत होतीं, त्यांचीं लग्नें होत होतीं, आणि एकोणिसाव्या शतकांतल्या मोजणीदारानें काढलेली रेघ होती तेथेंच राहिली होती. पूर्वीं अशा वेळीं मनुष्य आपल्या शेताच्या कडेला खोपट घाली व पांढरी हळूहळू काळींत पसरे. आतां काळीच परकी झाली होती. लोकांनीं तरीही घरें बांधलीं, आपल्याच बापाच्या जमिनींत, आणि तीं अनधिकृत ठरलीं. वाशी, कोपरखैरणें, घणसोली, नेरूळ या नांवांचीं शहरें एका बाजूस आणि त्याच नांवांचीं गांवें दुसऱ्या बाजूस, मध्यें पांच-सात हात रुंदीच्या गल्ल्या, हें दृश्य नवी मुंबईंत राहणाऱ्या प्रत्येकानें पाहिलेलें आहे. गल्ल्या अरुंद म्हणून गांवकऱ्यांना नांवें ठेवणारे गृहस्थ त्या रेघेची जन्मकथा क्वचित् जाणतात.

पुढें सरकारनें गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंत, आणि २०२२ च्या निर्णयानें २५० मीटरपर्यंत, गरजेपोटीं बांधलेलीं घरें नियमित करण्याचें ठरविलें. पण अंतर मोजावयाचें कोठून? ज्या हद्दीपासून मोजावयाचें ती स्वतः शे-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या नकाशावरची रेघ. तिचे दगड पुष्कळ ठिकाणीं रस्त्याखालीं, गटाराखालीं किंवा कोणाच्या तरी जोत्यांत गेलेले. गांवठाणाच्या आंत तर घराघराची हद्द मुळांत आंखलेलीच नव्हती. नगरभूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्याखेरीज तेथें घर आहे हें सर्वांना दिसे, पण तें कोणाचें व केवढें हें सरकारी कागदाला ठाऊक नसे. म्हणून अर्ज, मोर्चे, पुन्हां मोजणी, पुन्हां हरकती हें सत्र चालू राहिलें. ज्या कचेरींत नातवाला गांवठाणाच्या नकाशाची नक्कल मागावयाची असते, तेथेंच त्याच्या पणजोबाच्या भातखाचराचें टिपण, साखळ्या व आणे यांसह, बिनचूक सांपडतें. तें खाचर मात्र आतां कोणत्या इमारतीखालीं आहे हें त्याला टिपणावरून उमगत नाहीं.

विमानतळासाठीं पनवेलजवळच्या उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे इत्यादि दहा वस्त्या हलवाव्या लागल्या, तेव्हां शेतांबरोबर पांढरीही संपादनांत आली. जमिनीच्या बदल्यांत येथें साडेबाविसाचा टक्का ठरला. त्या खेपेस मोजणीदार गांवठाणांत शिरले, घर, ओटा, पडवी यांची मापें घराघरांतून घेतलीं गेलीं, आणि इतक्या वर्षांत जी पांढरी कोरी राहिली होती ती कागदावर आली. मापें पुरीं झाल्यावर लोकांना पुष्पकनगर व वडघर-करंजाडें या नव्या वसाहतींत हलविण्यांत आलें, उलव्याची टेंकडी फोडून सपाट केली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथें विमानतळाचें उद्घाटन झालें.