मिलोचा पाऊस

मी गोरेगावचा, असं सांगितलं की मुंबईकर लगेच विचारतात, "म्हणजे फिल्मसिटीजवळ?" नाही हो. ते गोरेगाव वेगळं. तिथे 1943 साली फिल्मिस्तान निघाली, 1977 साली चित्रनगरी उभी राहिली. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं. 1999 पर्यंत तर हिंगोली जिल्हासुद्धा नव्हता, सगळं परभणीच. पण पडद्यामागे बसून खोटे आवाज काढायचा उद्योग आमच्याही गोरेगावात चालायचा, आणि त्यावर लिहीन लिहीन म्हणता बरीच वर्षं गेली.

आमचे आजोबा गावातल्या नाटकांत कधी तोंडाला रंग लावून उभे राहिले नाहीत. त्यांची जागा विंगेत. पुढ्यात सूप, करवंट्या, पऱ्हाट्या आणि टांगलेला एक पत्रा. आमचे दादा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, त्यांचे मदतनीस. आता मी जे सांगतोय ते बरंचसं दादांच्या तोंडून ऐकलेलं.

तसा हा उद्योग जुनाच. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांना लोक 'अललडुर्र' नाटकं म्हणू लागले, ते राक्षसांच्या आरोळ्यांवरून. म्हणजे मराठी रंगभूमीवरचा पहिला गाजलेला ध्वनी-परिणाम माणसाच्या घशातूनच निघाला! पुढे बोलपट आले. प्रभातचा 'कुंकू' (1937) शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताशिवाय केला; घरातले, रस्त्यावरचे साधे आवाजच तिथे संगीताचं काम करतात. तिकडे अमेरिकेत युनिव्हर्सल कंपनीतला जॅक फोली 1929 पासून पडद्यावरचं चित्र बघत बघत पावलांचे, कपड्यांचे आवाज काढू लागला. आज जगभर या कलेला त्याच्याच आडनावाने ओळखतात, मुंबईच्या स्टुडिओंतही. सिनेमा दुसऱ्या भाषेत न्यायचा म्हणजे मूळ संवाद काढावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर शूटिंगच्या वेळी टिपलेली पावलं, भांडी, दारंही जातात. मग ती कुणीतरी बसून पुन्हा वाजवायची.

आजोबांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी युक्त्या बघा किती सारख्या. हाड मोडल्याच्या आवाजासाठी तिकडे सेलरी नावाच्या भाजीचे देठ मोडतात, आमच्याकडे ओल्या फडक्यात गुंडाळून पऱ्हाटी मोडायची. घोड्यासाठी तिकडेही करवंट्या, इकडेही करवंट्या. (आमच्याकडे नारळाचं झाड औषधालाही नाही. देवळात फुटलेल्या नारळाच्या करवंट्या जपून ठेवाव्या लागत.) त्या फरशीवर आपटल्या तर घोडा शहरातला वाटतो, परातीत माती घेऊन तिच्यावर आपटल्या की गावातला. विजेसाठी पत्रा वरून दोरीने टांगायचा आणि खालचा कोपरा धरून हलवायचा. पत्रा जेवढा लांबरुंद, तेवढा गडगडाट खोल. बाकी सगळी करामत भाड्याच्या लाउडस्पीकरच्या मायक्रोफोनची. त्याच्या अगदी तोंडाशी धरली की चिमूटभर गोष्टही मैदानभर होते.

आणि पाऊस सुपातला. सूप तिरकं धरून त्यात ज्वारी हळूहळू फिरवायची. दादा घाई करायचे, मग आजोबा दबक्या आवाजात म्हणायचे, "हळू हलीव की. झड हाय ही, गारा न्हाईत."

1972 चा दुष्काळ मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. सुकडी, खडी फोडायची कामं, आणि रेशनवर आलेला परदेशी लाल मिलो. 1973 च्या उन्हाळ्यात गावातल्या पोरांनी जत्रेत शेतकऱ्याच्या जिण्यावरचं एक नाटक बसवलं. लोक दिवसभर खडी फोडून यायचे आणि रात्री तालमी करायचे. शेवटच्या प्रवेशात पाऊस येतो. आता पावसाला ज्वारी आणायची कुठून? आजीने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, दाणा खेळायला मिळणार नाही. कणगी रिकामीच होती, ती तरी कुठून देणार! शेवटी रेशनचा पसाभर मिलो तिने काढून दिला, एक दाणा सांडायचा नाही या बोलीवर. दादा सांगतात, मिलोचा आवाज ज्वारीपेक्षा कोरडा यायचा, आजोबांच्या मनासारखा नव्हता.

प्रवेश आला, पत्रा वाजला, सूप हलू लागलं. मैदान एकदम गप्प. नायकाचं भाषण सुरू झालं तसा मागून कुणीतरी ओरडला, "तू गप रे, ऐकू दे!" नायक गप्प बसला. पाऊस संपला आणि चक्क वन्स मोअर मिळाला. बालगंधर्वांच्या पदांना मिळायचा तसा, सुपातल्या मिलोला! दादांनी पुन्हा सूप हलवलं, मग आजोबांनी घेतलं, मग परत दादांनी. नंतर कंदील धरून विंगेतला दाणा न् दाणा वेचला. दुसऱ्या दिवशी त्याच मिलोच्या भाकरी झाल्या.

या गोष्टीवर मी बराच विचार केलाय. लोकांना काय फसवता येणार होतं? पाऊस खोटा आहे हे लहान पोरालाही कळत होतं. पण झडीचा आवाज त्या मैदानातल्या प्रत्येकाच्या कानात मुरलेला होता. सुपाने फक्त आठवण करून दिली. नक्कल चालते ती ऐकणाऱ्याला अस्सल ठाऊक असतं म्हणून.

की ठाऊक नसलं तरी चालतं? बर्फावरून चालल्याचा कर्रकर्र आवाज आपण सिनेमात ऐकतो, तो बऱ्याचदा कातडी पिशवीत भरलेल्या मक्याच्या पिठाचा असतो. मी काही बर्फावरून चाललेलो नाही. माझ्या लेखी बर्फाचा आवाज म्हणजे ते पीठच.

हे आठवायचं कारण, मध्यंतरी भाचीच्या शाळेत नाटक होतं आणि त्यात मोट होती. बाईंनी इंटरनेटवरून मोटेचा म्हणून एक आवाज आणला. तो रहाटाचा होता, मागे पक्षी वगैरे. दादांनी ऐकला आणि काही न बोलता उठले. माळ्यावरून जुनी बाज काढली, तिच्या खुराला ओला सुती दोर गुंडाळून ओढू लागले. चाकाची कुरकुर आली. दोर सैल सोडला, कारण बैल धावेवरून मागे सरतात तेव्हा चाक निराळं वाजतं म्हणे. थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यासाठी बादली घमेल्यात उपडी केली. अर्धा दिवस गेला. आई चिडली, अंगणात चिखल झाला.

भाचीने ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, हे तर दार वाजल्यासारखं वाटतं." नाटकात इंटरनेटवाला आवाजच लागला आणि टाळ्याही पडल्या. मोट ऐकलेलं त्या हॉलमध्ये दादांशिवाय कुणी असेल असं वाटत नाही.

दादांची मोट माझ्या फोनमध्ये आहे, चाळीस सेकंदांची. मध्येच ते खोकतात, आणि मग मला सांगतात, "थांब, बैल वळायचेत अजून."